मास्टरमधे रेट बदलला, मग बिलात काहून नाही बदलला?

२०२५ च्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसाचं तेल १८ वरून ५ वर, तूप, बटर, नमकीन १२ वरून ५ वर. गिऱ्हाईक खुश, आणि दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळणारे आम्ही लोक दिवसभर फोनवर. मी नागपूरच्या इतवारी-मस्कासाथ भागातल्या चार-पाच होलसेलवाल्यांचे डेटाबेस बघतो, मोठं काही नाही, बिलं, स्टॉक, उधारी एवढंच. त्या दिवशी सकाळी साडेदहाला पहिला फोन आला, एका काकांचा. "भाऊ, मास्टरमधे टक्का बदलला, सेव्ह केला, डोळ्यानं पाह्यला, अन् बिलात जुनाच येऊन राहिला." मास्टर म्हणजे सगळ्या आयटमची मूळ यादी, नाव, रेट, टक्का तिथेच असतो. बरं म्हटलं, येतो. अजून गाडीला किक मारली नव्हती तर दुसऱ्या दुकानातून फोन. "दादा, पार्टीनं ऑगस्टच्या बिलाची कॉपी मागितली, मी परत प्रिंट काढली तर त्याच्यावर ५ टक्के छापून आले ना!"

म्हणजे एकाचं बदलून नाही राहिलं आणि दुसऱ्याचं नको तिथं बदललं. दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट होती, लुकअप फील्ड. आणि दुसऱ्या दुकानातलं सॉफ्टवेअर मीच बनवलेलं होतं हे आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी खोदून काढण्यापेक्षा बरं.

आधी लुकअप म्हणजे काय ते नीट पाहू, कारण हा शब्दच घोळ करतो. ज्यांनी अकरावी कॉमर्सला पुस्तपालन केलं त्यांना रोजकीर्दीतला 'खा.पा.' चा रकाना आठवत असेल, खाते पान. रोजकीर्दीत आपण पार्टीची अख्खी कुंडली लिहित नव्हतो, फक्त खतावणीतल्या तिच्या पानाचा नंबर टाकायचो, ज्याला बघायचं तो ते पान उघडून बघेल. रिलेशनल डेटाबेसमधे नेमकं हेच चालतं. एका टेबलात सगळे आयटम, प्रत्येकाला एक नंबर, समजा आंघोळीचा साबण १४ नंबर, त्याच्यासमोर नाव, रेट, जीएसटी टक्का. दुसऱ्या टेबलात बिलाच्या ओळी, आणि त्या ओळीत 'साबण' असं लिहिलेलंच नसतं, लिहिलेलं असतं १४. स्क्रीनवर तुम्हाला साबण दिसतो कारण दाखवायच्या वेळी कॉम्प्युटर १४ नंबरचं पान उघडून नाव वाचून आणतो. ही कल्पना एडगर कॉड नावाच्या माणसानं आयबीएममधे असताना १९७० मधे पेपर लिहून मांडली, की माहिती टेबलांमधे ठेवा आणि टेबलं एकमेकांना त्यांच्यातल्या मूल्यांनीच, म्हणजे अशा नंबरांनीच, जोडा, डिस्कवर कुठली नोंद कुठे पडली आहे याची काळजी वापरणाऱ्यानं करायची गरज नाही. आपले मुनीमजी हे वह्यांमधे आधीपासूनच करत होते, त्यांनी पेपर नाही लिहिला एवढंच.

आता घोळ इथे आहे. 'लुकअप' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमधे लुकअप फील्ड केलं की बिलात साठवला जातो फक्त तो १४, दिसतं नाव. म्हणून मास्टरमधे नाव बदललं की जुन्या-नव्या सगळ्या ओळींमधे नवीन नाव दिसतं, कारण जुन्या ओळींमधे नाव कधी नव्हतंच. फाइलमेकर या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधे मात्र लुकअप म्हणजे नक्कल. तिथे तुम्ही आयटम कोड टाकला की तो मास्टरमधे जातो, रेट वाचतो आणि बिलाच्या ओळीत उतरवून घेतो, संपला संबंध. उद्या मास्टरमधे रेट दुप्पट झाला तरी त्या ओळीला काही घेणंदेणं नाही. एक्सेलवाल्यांचं व्ही-लुकअप पहिल्या प्रकारासारखं, फॉर्म्युला आहे तोवर जिवंत, आणि ज्या दिवशी तुम्ही कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूज केलं त्या दिवशी ते दुसऱ्या प्रकारात गेलं. त्यामुळे कोणी विचारलं की लुकअप आपोआप रिफ्रेश होतं का, तर मी आधी उलटा प्रश्न विचारतो, तुझ्या ओळीत काय पडून आहे, पानाचा नंबर की उतरवलेला आकडा? याचं उत्तर माहीत नसताना पुढचं सगळं बोलणं म्हणजे अंधारात काठी.

काकांच्या दुकानात पोचलो. त्यांचं सॉफ्टवेअर ॲक्सेसमधलं, दुसऱ्याच कोणीतरी बनवून दिलेलं, तीन मशीन आणि डेटाची फाइल आतल्या खोलीतल्या चौथ्या मशीनवर. मास्टर बदलला आत, बिलं होतात काउंटरवर. काउंटरवरच्या पोरीनं साडेनऊला बिलाचा फॉर्म उघडला तो उघडाच. त्या फॉर्मवर आयटम निवडायची जी खाली उघडणारी यादी असते, कॉम्बो बॉक्स, ती फॉर्म उघडताना एकदा भरली जाते. आणि बनवणाऱ्यानं त्या यादीतच नावाच्या मागे लपवलेल्या रकान्यांमधे रेट आणि टक्का ठेवला होता, आयटम निवडला की तिथूनच उचलून ओळीत टाकायचा. वाईट नाही ही पद्धत, फास्ट चालते. पण मग ओळीत जो १८ येत होता तो मास्टरमधून येतच नव्हता, तो येत होता साडेनऊ वाजताच्या यादीतून! मास्टर बदलला पावणेदहाला. कळमन्याच्या मंडीत सकाळी भाव विचारून वर्धेला निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत तोच भाव सांगत राहतो ना, तसं.

काका म्हणाले, मी रिफ्रेश दाबलं होतं. दाबलं होतंच त्यांनी, खोटं नाही. पण ॲक्सेसमधे रिफ्रेश आणि रिक्वेरी या दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि अर्ध्या महाराष्ट्राला हे कोणी सांगितलेलं नाही. रिफ्रेश म्हणजे फॉर्ममधे ज्या नोंदी आधीच आणलेल्या आहेत त्यांच्यात दुसऱ्या कोणी काही बदललं असेल तर ते दाखव. दर काही सेकंदांनी हे आपोआपही होत असतं, सेटिंगमधे तो आकडा असतो, मुळात ६० सेकंद. पण नवीन नोंद कोणी टाकली असेल तर ती रिफ्रेशनं येत नाही, त्यासाठी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, पुन्हा पहिल्यापासून चालवावी लागते, ती रिक्वेरी, शिफ्ट धरून एफ ९. आणि कॉम्बोची यादी हे तर तिसरंच प्रकरण, फॉर्मच्या रिफ्रेशचा तिच्याशी संबंध नाही, तिची स्वतःची क्वेरी असते आणि ती वेगळी रिक्वेरी करावी लागते. कर्सर त्या कॉम्बोत ठेवून नुसतं एफ ९ दाबलं तर यादी ताजी होते. काकांनी फॉर्म ताजा केला, यादी शिळीच राहिली. मी कॉम्बोत जाऊन एफ ९ दाबलं, साबण निवडला, ५ आला. काका माझ्याकडे असे पाहून राहिले जसं मी मंत्र टाकला.

मग कॉम्बोत शिरताना रिक्वेरी व्हावी म्हणून एक ओळीचा कोड टाकला, एन्टर इव्हेंटवर. दहा-बारा हजार आयटम असते तर असं केलं नसतं, दर वेळी यादी नेटवर्कवरून परत यायला लागली की पोरगी वैतागली असती. त्यांच्याकडे नऊशेच्या आसपास आहेत, खपून जातं. जास्त असतील तर यादीत फक्त कोड आणि नाव ठेवायचं, आणि रेट-टक्का आयटम निवडल्यावर त्या क्षणी थेट मास्टरमधून वाचायचा, मग यादी शिळी असली तरी आकडा ताजा असतो. खरं सांगायचं तर हेच पहिल्यापासून करायला हवं असतं. यादी दाखवायसाठी आहे, तिच्यातून पैशाचे आकडे उचलू नये.

एक गोष्ट वेगळी, पण लक्षणं हीच. ज्यांचा डेटा मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमधे आहे त्यांना कधीकधी दिसतं की स्क्रीन ताजी केली, क्वेरी परत चालवली, कनेक्शन नीट आहे, तरी आकडा जुनाच. तिथे ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र धरलेल्या कामांचा एक गठ्ठा, उघडं राहिलेलं असू शकतं. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन मुळात रिपीटेबल रीड या पद्धतीवर असतं, म्हणजे ट्रान्झॅक्शनमधे पहिल्यांदा वाचलं तेव्हाचा जणू एक फोटो काढून ठेवतं आणि ते ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत साध्या सिलेक्टला, म्हणजे वाचायच्या क्वेरीला, तोच फोटो दाखवतं, तुम्ही शंभरदा विचारा. कमिट केलं, म्हणजे ते ट्रान्झॅक्शन पक्कं करून संपवलं, की पुढच्या वाचनात नवीन आकडा. पोस्टग्रेस नावाच्या दुसऱ्या डेटाबेसमधे मुळात रीड कमिटेड असतं, तिथे प्रत्येक सिलेक्ट नव्यानं बघतो. बिघाड कोणाचाच नाही, पण ज्याला माहीत नाही तो अर्धा दिवस मास्टर टेबलाला शिव्या देत बसतो, मी बसलोय.

आता माझ्या पापाकडे.

दुसऱ्या दुकानाचं सॉफ्टवेअर मी २०१८ च्या मार्चमधे बनवलं. तेव्हा नॉर्मलायझेशन नवीन नवीन डोक्यात भरलं होतं, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची, दोनदा लिहिली की पाप. तर बिलाच्या ओळीत मी आयटम कोड, नग आणि रेट ठेवला, रेट ठेवला कारण प्रत्येक पार्टीला वेगळा भाव लागतो हे मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण जीएसटीचा टक्का? तो तर आयटमचा गुण आहे, पार्टीनुसार बदलत नाही, मग तो मास्टरमधेच राहू दे, छापताना जोडून घेऊ. बारा मिनिटं विचार केला असेल. तेव्हा हुशारी वाटली होती.

आता ऑगस्टचं बिल घ्या. १०,००० चा साबण, १८ टक्क्यानं १,८०० टॅक्स, एकूण ११,८००. पार्टीकडे तो कागद आहे, पैसे आलेले आहेत, ऑगस्टचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, ११ सप्टेंबरला भरायची मुदत होती तो भरून झालेला आहे. आणि २२ तारखेला मास्टरमधे १८ चा ५ केला की तेच बिल, तोच नंबर, तीच तारीख, १०,५०० चं छापून येतं. १,३०० रुपये हवेत. उधारीच्या खात्यात पार्टीनं जास्त पैसे दिले असं दिसायला लागतं. डेटाबेसनं काही चूक केली नाही, त्याला जे सांगितलं तेच त्यानं केलं, १४ नंबरचं पान उघडलं आणि आज तिथे जे लिहिलंय ते वाचलं. चूक माझी, कारण बिलावरचा टक्का हा साबणाचा गुण नाहीच, तो त्या दिवशी झालेल्या व्यवहाराचा गुण आहे. साबणाचा आजचा टक्का आणि त्या बिलात लावलेला टक्का या दोन वेगळ्या माहित्या आहेत, दिसायला सारख्या असल्या तरी. म्हणजे नॉर्मलायझेशनच्या नियमानंही मी चूकच होतो, मला वाटत होतं मी एक गोष्ट एकदा लिहून राहिलो आणि खरं तर मी दोन गोष्टींपैकी एक लिहिलीच नव्हती.

दुरुस्ती तशी सोपी, बिलाच्या ओळीत टक्क्याचा रकाना वाढवला, पण जुन्या ओळींमधे भरायचं काय? मास्टरमधले जुने टक्के तर मालकाच्या पोरानं उत्साहात सकाळीच सगळे पुसून नवे टाकले होते. नशीब शनिवारचा, २० तारखेचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता. त्यातलं आयटम टेबल वेगळ्या नावानं आणलं आणि २२ च्या आधीच्या सगळ्या बिलांना त्यातला टक्का एकदाच अपडेट करून चिकटवला. मग बसल्या बसल्या आठवलं की मधेही दर बदलले आहेत, जुलै २०१८ मधे सॅनिटरी नॅपकिनवरचा १२ टक्के शून्य झाला होता आणि हे दुकान तो माल विकतं. म्हणजे तेव्हाही मार्च ते जुलैची बिलं गुपचूप बदलली असणार आणि सात वर्षं कोणाला कळलंही नाही, कारण कोणी जुनं बिल परत काढलंच नाही. ती ओळखून हातानं नीट केली. अजून किती असतील याच्यावर जास्त विचार करत नाही.

मग काय सगळंच उतरवून ठेवायचं का? नाही ना. नाव घ्या गावाचं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ज्याच्याकडे गावांचं वेगळं टेबल होतं त्यानं दोन ओळी बदलल्या आणि हजार पार्ट्यांच्या पत्त्यात नाव बदललं. एका दुकानात गाव हातानं टाइप करायचा रकाना होता, तिथे औरंगाबाद, औ.बाद, अरंगाबाद असं सगळं निघालं, त्या माणसाला मी तूर्तास जुनंच राहू द्या म्हटलं. आणि काही जण गावाचं नावच चावी म्हणून वापरतात, नंबर देतच नाहीत, त्यांचं नाव बदललं की जोडच तुटतो किंवा डेटाबेस बदलूच देत नाही. तिथे ऑन अपडेट कॅस्केड लावलं असेल तर मास्टरमधे चावी बदलली की जोडलेल्या सगळ्या टेबलांत डेटाबेस स्वतः बदलून देतो. चालतं, पण मी नंबरच देतो, नंबराला नामांतर होत नाही.

पार्टीचा फोन नंबर जोडून घ्यावा, आजचाच नंबर कामाचा. पण बिलावरचा पत्ता आणि जीएसटी नंबर? पार्टी गांधीबागेतून वर्धमाननगरला गेली तर जुन्या बिलावर गांधीबागच पाहिजे, माल तिथेच उतरला होता. म्हणून मी आता बिलाच्या वरच्या भागात नाव, पत्ता, जीएसटी नंबर उतरवून घेतो. एक मित्र म्हणतो हे जास्त झालं, डिस्क भरते. मी म्हटलं बाबू, एका बिलाला दोनशे अक्षरं, व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगचा एक गुलाब त्याच्यापेक्षा मोठा असतो.

उतरवून घेण्यात पण एक खड्डा आहे. नक्कल केव्हा होते? आयटम निवडला त्या क्षणी. म्हणजे जुनं बिल उघडून कोणी सहज त्याच ओळीत तोच साबण परत निवडला, तर बऱ्याच सॉफ्टवेअरमधे नवीन नक्कल होते, आजचा रेट बसतो. फाइलमेकरमधे जोडणारा रकाना बदलला की लुकअप परत चालतं, आणि तिथे मेनूत रीलुकअप नावाची एक कमांड आहे, ती समोर जेवढ्या नोंदी शोधून काढलेल्या असतील तेवढ्या सगळ्यांना नव्यानं उतरवते आणि परत फिरवता येत नाही. समोर आजची दहा बिलं आहेत की आजवरची सगळी, हे बघितल्याशिवाय तिला हात लावू नका. मी माझ्याकडे साधा उपाय केला, बिल छापलं की ओळी लॉक, दुरुस्ती करायची तर वेगळा फॉर्म आणि मालकाचा पासवर्ड.

तिसरा रस्ता पण आहे, टक्क्यांचं वेगळं टेबल, त्यात 'केव्हापासून' असा तारखेचा रकाना. साबण, १८, १ जुलै २०१७ पासून. साबण, ५, २२ सप्टेंबरपासून. बिलाच्या तारखेला जी ओळ लागू ती उचलायची. ही पद्धत मला फार आवडते कारण नवे दर ३ सप्टेंबरच्या रात्री जाहीर झाले होते, ४ तारखेला चहा पीत निवांत भरून ठेवता आले असते आणि २२ ला आपोआप लागू झाले असते, सकाळी फोन आलेच नसते. पण क्वेरी जरा किचकट होते आणि कोणी जुनी ओळच 'दुरुस्त' केली की परत तेच रामायण. म्हणून हे टेबल असलं तरी मी बिलात उतरवूनही घेतो.

मालकांना मोबाइलवर जे आजची विक्री, महिन्याची विक्री असं दिसतं तिथे अजून एक शिळेपणा असतो. मोठ्या डेटावर दर वेळी बेरीज करणं जड जातं म्हणून पोस्टग्रेससारख्या ठिकाणी मटेरियलाइज्ड व्ह्यू करून ठेवतात, म्हणजे क्वेरीचं उत्तरच साठवलेलं. साधा व्ह्यू, म्हणजे नाव देऊन ठेवलेली क्वेरी, उघडला की तेव्हा हिशोब करतो, मटेरियलाइज्ड व्ह्यू रिफ्रेश करा म्हटल्याशिवाय हलत नाही. रात्री दोनला रिफ्रेश लावला असेल तर दुपारी तुम्ही पाहून राहिले ते काल रात्रीचं आहे. स्क्रीनवर कधीचं आहे ती वेळ छापा, निम्मे फोन कमी होतात.

तुमच्याकडे कुठला प्रकार आहे हे ओळखायचं असेल तर 'टेस्ट' नावाचा एक आयटम करा, त्याचं एक बिल बनवा, मग मास्टरमधे त्याचं नाव आणि रेट दोन्ही बदला आणि ते बिल परत उघडा. जे बदललं ते जोडलेलं, जे नाही बदललं ते उतरवलेलं. मग दुसऱ्या मशीनवर आधीच उघडा असलेला फॉर्म बंद न करता तोच आयटम नवीन बिलात घ्या. तिथे जुना रेट आला आणि फॉर्म बंद करून उघडल्यावर नवा आला, तर तुमची यादी शिळी राहून राहिली. दहा मिनिटांचं काम आहे, बॅकअप घेऊन करा आणि टेस्टचं बिल नंतर रद्द करायला विसरू नका.

दिवाळीनंतर त्या काकांचाच अजून एक फोन आला. ऑगस्टमधे गेलेला साबणाचा माल नोव्हेंबरमधे परत आला, क्रेडिट नोट, म्हणजे परतीच्या मालाची उलटी पावती, बनवायला घेतली तर फॉर्मनं ५ टक्के लावला. मास्टर बरोबर, यादी ताजी, एफ ९ दाबून झालेलं, काकांनी आता कीबोर्डवर त्या बटणाला लाल टिकली लावलेली आहे. पण परतीचा माल ज्या टक्क्यानं गेला त्याच टक्क्यानं परत यायला पाहिजे, १८ नं. इथे लुकअप मास्टरमधे जाणंच चूक होतं, त्यानं जायला पाहिजे जुन्या बिलाच्या ओळीत. आता परतीच्या फॉर्मवर आयटमची यादीच ठेवलेली नाही, आधी बिल नंबर टाकायचा, मग त्या बिलातल्या ओळी समोर येतात, त्यातली निवडायची.